सनरूममधलं आवर्तन

अण्णा, तुम्हाला जाऊन सहा आठवडे झाले. इतके दिवस माणसं येत होती, चहा होत होता, भांडी विसळली जात होती, त्यामुळे तुमच्याशी निवांत बोलायला सवडच मिळाली नाही. आज बसलेच आहे, तर सगळ्यात आधी ते सांगून टाकते, जे मी तीन वर्षं पोटात ठेवलं. अण्णा, सुमनला मी मारलं. पाणी पाजून मारलं.

हे वाचून कुणी पोलिसांना फोन करायला नको, म्हणून इतरांसाठी खुलासा. सुमन हे माझ्या सासूबाईंचं नाव. त्या पुण्यात आपल्या घरी, आपल्या अंथरुणात शांतपणे गेल्या, त्यात माझा काही हात नाही. मी म्हणतेय ती सुमन म्हणजे एक कॅक्टस. नारळाएवढा गोल, अंगभर सोनेरी काटे. इथे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला आमच्या घराच्या सनरूममध्ये, म्हणजे काचा लावलेल्या पडवीत, तो कट्ट्याच्या मधोमध बसलेला असायचा. त्याच्यावर माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णा, तुमचा, जीव होता.

तुम्ही आलात तो मार्च महिना होता. आई, म्हणजे सासूबाई, गेल्यावर तुमचा लेक मंदार तुम्हाला इकडे घेऊन आला तेव्हा तुम्ही खुर्चीवर टाकलेल्या कोटासारखे नुसते बसायचात. मी कामाला वेलिंग्टनला गेले तेव्हा जिथे असायचात, संध्याकाळी परत आले तरी तिथेच. एकदा म्हणालात, "वृषाली, इथे सगळं आहे गं. फक्त मला काम नाही." बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेली. कालवा निरीक्षक. कोणत्या गावाला किती दिवस पाणी सोडायचं, कोणत्या चारीचं दार कधी उघडायचं, कोण रात्रीतून दार उचकटतंय, हे सगळं डोक्यात. आणि इथे नळ उघडला की पाणी, भांडायला समोर कुणी नाही.

मग तुमची नात सई तुम्हाला ओढून रोपांच्या दुकानात घेऊन गेली आणि तुम्ही दोघं चौदा कॅक्टस घेऊन आलात. मी म्हटलं, "अण्णा, गुलाब तरी आणायचा. हे काय काटे?" तुम्ही म्हणालात, "कोपऱ्यात पडली होती. बिचारी टेलची गावं." कालव्याच्या शेवटाला जी गावं असतात ती टेलची. वरच्यांचं भागल्यावर उरलंसुरलं पाणी त्यांना. आयुष्यभर ज्या गावांच्या शिव्या खाल्ल्यात, त्यांना आता तरी पोटभर पाजायचं असा तुमचा बेत होता.

त्याच संध्याकाळी फ्रिजवर पाणी सोडायच्या पाळ्यांचा तक्ता लागला. 'उन्हाळी आवर्तन, एप्रिल-मे: दर चार दिवसांनी. पावसाळी: गरजेनुसार. रब्बी: दर आठवड्याला.' प्रत्येक कुंडीला गावाचं नाव. वडगाव, चिंचोली, पिंप्री. आणि सगळ्या कुंड्यांची रांग दक्षिणेच्या खिडकीत, कारण ऊन दक्षिणेकडून येतं हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक. अण्णा, मी तेव्हा आठ वर्षं या देशात राहत होते. एप्रिल-मे म्हणजे इथे थंडीची सुरुवात आणि ऊन येतं उत्तरेकडून, हे मला काय माहीत नव्हतं? रोज त्या तक्त्याखालून दूध काढत होते. पण तुमचं ते खात्यातलं वळणदार अक्षर आणि खाली केलेली सही बघून उलट विचार करायचं सुचलंच नाही. मंदार एकदा "अण्णा, बहुतेक..." एवढं म्हणाला. तुम्ही म्हणालात, "आवर्तन जाहीर झालंय." झालं.

ऑगस्टपर्यंत अकरा गावं बुडाली. सईने एकाला बोट लावलं आणि ओरडली, "आजोबा, दिस वन इज स्क्विशी! इट्स लाइक सूप!" तुम्ही एकेक कुंडी उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवलीत आणि त्यांच्यापुढे उभे राहिलात. तुमचा चेहरा बघून मला आई गेल्या तो दिवस आठवला. "बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक गाव बुडालं नव्हतं," असं काहीतरी पुटपुटलात.

तेवढ्यात कुंपणावरून ग्रॅहमने डोकं काढलं. शेजारी राहून त्याची-माझी ओळख फक्त कचऱ्याच्या डब्यांपुरती. भर थंडीत अर्धी चड्डी आणि जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. "किया ओरा, मेट," तो इथल्या पद्धतीचा नमस्कार करून म्हणाला, "यू ड्राउन्ड देम."

पुढचा तासभर तुम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे होतात. त्याच्या मागच्या काचघरात दोनशे कॅक्टस आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तो सांगत होता, हिवाळ्यात ही झाडं झोपलेली असतात, मुळं पाणी ओढत नाहीत, दिलेलं पाणी तसंच राहतं आणि मुळं कुजतात. "नॉट अ ड्रॉप. मे टू ऑगस्ट."

"नॉट वन रोटेशन?" तुम्ही विचारलंत.

"नोप."

"फोर मन्थ्स?"

"फोर मन्थ्स. दे'ल बी स्वीट ॲज."

स्वीट ॲज, म्हणजे मजेत राहतील. तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा तो हसायला लागला. त्याला काय ठाऊक, आयुष्यभर पाणी सोडणाऱ्या माणसाला तो पाणी न सोडायला सांगत होता. आत आलात, फ्रिजवरचा तक्ता काढलात, नीट घडी केलीत आणि म्हणालात, "वृषाली, माझं सगळं शिक्षण उलटं करावं लागणार." आणि अण्णा, मी शपथेवर सांगते, तुमच्या आवाजात दु:ख नव्हतं. काम मिळालं होतं तुम्हाला.

किती शिकलात तुम्ही त्यानंतर! ग्रॅहमने प्युमिसची गोणी दिली, तो ज्वालामुखीचा हलका, भोकाभोकांचा दगड. तुम्ही धुवायला म्हणून बादलीत टाकलात आणि दगड तरंगायला लागले. सगळ्यांना हाका मारून गोळा केलंत. "रामाने सेतूला दगड इथूनच मागवले असणार! आपण उगाच रामेश्वर धरून बसलोय!" मग मातीपेक्षा दगड जास्त, असं तुमचं मिश्रण ठरलं, पाणी आलं की खाली निघून गेलं पाहिजे. पाणी हवं की नको हे झाडाला नाही, मातीला विचारायचं. म्हणून प्रत्येक कुंडीत एक बांबूची काडी, ती ओढून बघायची, ओली आली तर हात आवरायचा. उंच निवडुंगावरचे काटे म्हणजे त्याची सावली, असं ग्रॅहमने सांगितलं तेव्हा चार दिवस भेटेल त्याला तेच ऐकवत होतात. स्टेशनवर तिकीट तपासणाऱ्या बाईलासुद्धा.

आणि माझा चिमटा! पुण्याहून आणलेला फुलक्यांचा चिमटा, तो कॅक्टस उचलायला न विचारता नेलात. मला कळलं कसं? फुलक्यात काटा निघाला. मी त्या दिवशी केवढी ओरडले तुम्हाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "दुसरा आण. हा आता खात्याकडे जमा झाला." जमाच आहे अजून.

ग्रॅहमच्या कुंड्या तुम्ही रिकाम्या परत करत नसायचात. रिकामं भांडं शेजाऱ्याकडे पाठवायचं नाही, म्हणून कुंडी धुऊन, कोरडी करून, सोबत डबाभर चिवडा. चिवडा मी करायची, नाव तुमचं. तो इतका आवडीने खायला लागला की मला शंका यायची, गडी मुद्दाम कुंड्या देतोय. अशाच एका डब्याच्या बदल्यात तो सोनेरी गोल कॅक्टस आला. ग्रॅहम म्हणाला, याला मदर-इन-लॉज कुशन म्हणतात. सासूची उशी. बसायला द्यायची.

तुम्ही आलात तेव्हापासून पहिल्यांदा मोठ्याने हसलात ते त्या दिवशी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वृषाली, ही तर तुझी सासू! बघ, तशीच. बाहेरून काटे, आणि मधोमध बसायची सवय." त्याच दिवशी तिचं नाव सुमन ठेवलंत. बाकीची सगळी गावं, ती एकटी माणूस. आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची पट्टी कापून पेन्सिलीने लिहिलंत, कारण शाई उडते, पेन्सिल टिकते. एक पट्टी वर खोचलीत आणि दुसरी कुंडीच्या तळाशी दगडांखाली. मूळ प्रत आणि दुय्यम प्रत. मी थट्टा केली तर म्हणालात, "वरची हरवली तर दाखल्याला तळाची." संध्याकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायचात, आणि मी आत असले की हळू आवाजात बोलणं ऐकू यायचं. मी कधी ऐकायला गेले नाही. खरंच नाही गेले.

आता तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. तुम्ही मोतीबिंदूसाठी तीन महिने पुण्याला गेलात. निघताना आधी सनरूममध्ये, मग गाडीत, मग विमानतळावर, एकच वाक्य. "एक थेंबही नाही." मी म्हटलं, "अण्णा, मी काय लहान आहे?"

जून गेला. जुलैमध्ये सुमन आक्रसायला लागली. तिच्या अंगावरच्या उभ्या पन्हाळी पेटीच्या भात्यासारख्या मिटत चालल्या. मला सगळं माहीत होतं. झोपलीय, मुळं बंद आहेत, सप्टेंबरला भाता पुन्हा उघडेल. पण रोज कामावरून आलं की ती तशी दिसायची, वाळलेली, आणि आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग बाकीचं बोलणं, हे आईंनीच मला शिकवलेलं. तहानलेल्याला नाही म्हणायचं नाही. एका शनिवारी सकाळी मी तांब्याभर पाणी ओतलं. थोडं बरं वाटलं, तिला नाही, मलाच. पुढच्या शनिवारी पुन्हा.

तिसऱ्या आठवड्यात बुडाशी पिवळी झाली, मग तपकिरी. बोट लावलं तर बोट आत गेलं.

मी तिथेच फरशीवर बसून रडले, अण्णा. मंदार म्हणाला, "फोन करून सांग त्यांना, काही होत नाही." मी म्हटलं, "काय सांगू? आईंना बुडवलं म्हणून सांगू?" सईने दारातून मान घातली आणि शांतपणे म्हणाली, "मम, यू किल्ड आजी." त्यावर मंदार हसला, आणि मी दोघांशी दोन दिवस बोलले नाही.

पुढचं तर त्याहून वाईट. तीन दुकानं पालथी घालून मी तसाच, तेवढाच कॅक्टस शोधून काढला. दुकानातल्या काळ्या, भुसभुशीत मातीसकट तुमच्या कुंडीत बसवला. वरून प्युमिसचा थर पसरला, ओळखू येऊ नये म्हणून. तळाची पट्टी तळाला घातली, वरची वर खोचली. पुरावा नष्ट.

तुम्ही ऑगस्टअखेर आलात. बूट काढायच्या आधी सनरूममध्ये. एकेका गावाची काडी ओढून बघितलीत. सुमनपाशी थांबलात, एका बोटाने कुंडी गोल फिरवलीत, पूर्ण एक फेरा. नवा डोळा बारीक केलात. माझा जीव टांगणीला. मग म्हणालात, "छान सांभाळलंस," आणि चहा मागितलात.

त्या 'छान सांभाळलंस'वर मी तीन वर्षं काढली. कितीदा वाटलं, सांगून टाकावं. पण तुम्ही तिच्यासमोर चहा घेऊन बसलेले दिसायचात आणि वाटायचं, आता बोलले तर यांची सुमन दुसऱ्यांदा जाईल. मग मी कशावरूनही भांडण काढायची. पाणी सोडायच्या तारखेवरून तर दरवर्षी. तुमचा हट्ट सप्टेंबरचा पहिला रविवार. मी म्हणायची, "अण्णा, अजून गाडीच्या काचेवर बर्फ जमतो, थांबा की दोन आठवडे." तुम्ही म्हणायचात, "आवर्तन जाहीर झालंय." जिंकायचात नेहमी तुम्हीच, आणि ते भांडण आपलं तसंच अर्धवट राहिलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्ही फारसं बोलत नव्हतात. मी पाय चेपत होते. डोळे मिटूनच विचारलंत, "सुमनला यंदा नाही ना दिलंस पाणी?" मी म्हटलं, "नाही अण्णा, अजून महिना आहे." "शहाणी झालीस," म्हणालात. तेव्हा सांगणारच होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण नर्स आली, मग औषध, मग तुम्हाला झोप लागली. त्यानंतर वेळ मिळालाच नाही. हेच मला खात होतं, अण्णा. तुम्ही गेलात याचं दु:ख आहेच, ते राहीलच. पण तुमच्याशी खोटं वागून तुम्हाला पाठवलं, हे घशाखाली उतरत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी ग्रॅहम आला. तीच चड्डी, तेच जँडल्स, फक्त वर इस्त्रीचा शर्ट. हातात आमचा स्टीलचा डबा. इतक्या वर्षांत चिवड्याचे डबे रिकामेच परत यायचे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती, त्यांच्यात ती पद्धत नाही. या वेळी डबा जड लागला. आत त्याच्या झाडाची लिंबं. "ही टोल्ड मी," तो म्हणाला, "नेव्हर सेंड इट बॅक एम्प्टी. टुक मी लाँग इनफ, एह?" आणि तो दारातच रडायला लागला. मी त्याला आधी पाणी दिलं. त्या लिंबांचं लोणचं घातलंय. मुरलं की पहिली बरणी त्याला.

मग परवा आला सप्टेंबरचा पहिला रविवार. सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ होताच. मी बँकेचं जुनं कार्ड घेऊन खरवडत होते आणि तुमच्यावर चिडत होते, बघा, म्हटलं नव्हतं का मी? तरी दुपारी ऊन सनरूमभर पसरलं तेव्हा बाह्या सरसावल्या. जाहीर झालेलं आवर्तन. पण पाण्याच्या आधी सुमनची कुंडी बदलायची होती. तीन वर्षं झाली की बदलायची हा तुमचाच नियम, आणि यंदा तिचं तिसरं वर्ष. खरं सांगायचं तर मला ती काळी माती काढून टाकायची होती. निदान तेवढं तरी खरं करावं, तुमच्या दगडांत तिला बसवावं, आणि ते करताना तुमची माफी मागावी, असं ठरवलं होतं.

वर्तमानपत्राची घडी तिच्या कमरेला गुंडाळली, चिमटा घेतला, कुंडी आडवी केली. सईने खालून ठोकलं. सुमन बाहेर आली.

अण्णा, काळी माती नव्हती. एक कणसुद्धा नव्हता. वरपासून खालपर्यंत प्युमिस, तुमच्या मापाने चाळलेला, धुतलेला. आणि त्यात पांढरी, निरोगी, बोटभर लांब मुळं पसरलेली.

दुकानातल्या त्या ओल्या मातीत ती पहिल्याच हिवाळ्यात कुजली असती, हे मला कळायला हवं होतं. तीन हिवाळे ती जगली कशी, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. एवढी शहाणी मी! म्हणजे तुम्ही आलात त्याच आठवड्यात केव्हातरी, मी वेलिंग्टनला गेले असताना, तिला काढलंत, माझी माती झटकलीत, पुन्हा बसवलंत, आणि वर मी पसरला होता तसाच थर पसरून ठेवलात. मला कळू नये म्हणून माझाच बनाव जसाच्या तसा परत लावलात. आणि संध्याकाळी तिच्यासमोर बसून चहा प्यायलात. "यंदा नाही ना दिलंस," म्हणालात तुम्ही हॉस्पिटलमध्ये. यंदा. मी ऐकलं होतं ते, आणि नर्सला वाट द्यायला उठले होते.

आधी मला रागच आला. तीन वर्षं मी जीव मुठीत धरून जगले आणि हे महाशय मजा बघत होते! मग तळाची पट्टी दगडांतून खाली पडली. सईने उचलली, उलटसुलट केली. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. "मम, व्हॉट डझ इट से?"

ती मी घातलेली पट्टी नव्हती. नवी होती, पेन्सिलीतलं तुमचं तेच वळणदार अक्षर.

'सुमन (दुबार पेरणी). पीक जोमात. वृषालीस कळवू नये.'

खाली सही.

अण्णा, मी रडले आणि हसले, दोन्ही इतकं एकदम की सई घाबरून मंदारला बोलवायला धावली. तो आला, त्याने वाचलं, आणि तोही चिमटा हातात धरून कट्ट्याला टेकून हसत राहिला, तुमच्यासारखा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पेरणी वाया गेली की दुबार पेरायचं, त्यात शेतकऱ्याला कुणी बोल लावत नाही, असं तुम्हीच सांगायचात ना. मला माफी मागायची होती आणि तुम्ही ती तीन वर्षांपूर्वीच सही करून तळाला ठेवून गेला होतात.

मग कामाला लागलो. सुमनला नवी मोठी कुंडी. सत्तावीस गावांना पाणी, तुमच्या नियमाने टेलकडून सुरुवात, सगळ्यात लांबच्या खिडकीतलं वडगाव पहिलं, सुमन शेवटी. तिच्या पन्हाळी महिनाभरात उघडतील. सई झारी धरून मागून चालत होती आणि "आजोबा वुड से स्लोअर" म्हणून मला दटावत होती.

ती पट्टी फ्रेम करून भिंतीवर लावू, असं मंदार म्हणत होता. मी नाही म्हटलं. नव्या कुंडीत आधी पट्टी तळाला ठेवली, तुमच्या सहीसकट, वर दगड, वर सुमन. दुय्यम प्रत दाखल्याला तळाशीच असते. तेव्हा अण्णा, तुम्ही निश्चिंत असा. आदेशाप्रमाणे वृषालीस काहीही कळवलेलं नाही.